पाच वर्षे की जन्मठेप?

सौंदडहून बल्लारशाच्या गाडीत बसले की अर्जुनीनंतर वडसा येते आणि गडचिरोली जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी प्रा. जी. एन. साईबाबा व इतर चौघांना जन्मठेप आणि सहाव्यास दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जन्मठेपही अपुरीच, परंतु कायद्याने न्यायालयाचे हात बांधले आहेत, अशा आशयाचे उद्गार त्या निकालपत्रात होते. मग हात मोकळे असतात तेव्हा न्यायाधीश शिक्षेचे माप कशाने ठरवितात? देवरी-सालेकशाकडून येणाऱ्या आपल्या मित्रांना हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही.

दहशतवादी कृत्यात कोणाचा मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप. एरवी किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप. १९८७ च्या ‘टाडा’त हेच होते, २००२ च्या ‘पोटा’त हेच. २००४ साली पोटा रद्द झाला आणि हीच तरतूद १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही ती आहे. कायदे बदलले, मधली दरी मात्र तेवढीच राहिली.

या दरीत कोणाला कोठे उभे करावयाचे? बॉम्ब ठेवला पण तो फुटला नाही, असा एक. कटात सामील होऊन केवळ निरोप पोहोचविला, असा दुसरा. वय, कटातील वाटा, पूर्वचरित्र, सुधारण्याची शक्यता, हे सारे न्यायाधीश पाहतात. पण कशाला किती वजन द्यावे याचे कोष्टक आपल्याकडे नाही. फाशीपुरता बच्चनसिंग खटल्यातील (१९८०) ‘विरळातील विरळ’ हा निकष आहे. २००३ साली मलिमथ समितीने शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे करावीत असे सुचविले होते. ती सूचना कागदावरच राहिली.

इंग्लंडात यासाठी शिक्षा परिषद आहे. दोषाची तीव्रता व हानी पाहून आरंभबिंदू ठरवावयाचा, मग परिस्थितीनुसार शिक्षा कमीजास्त करावयाची, अशी तिची रीत. दहशतवादी गुन्ह्यांसाठी तिने २०१८ साली तत्त्वे आखली. पुढे २०१९ च्या कायद्याने काही गुन्ह्यांची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षांवर नेली, २०२१ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांस किमान १४ वर्षे ठरविली. तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये ही तत्त्वे सुधारावी लागली. कमाल वाढली म्हणजे प्रत्येकाची शिक्षा आपोआप वाढत नाही. प्रत्येक पायरी पुन्हा तपासावी लागते. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(१) ने आणखी एक कुंपण घातले आहे: गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यात असलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा देता येत नाही.

मला असे कोष्टक हवेसे वाटते. पण ते दोषसिद्धीनंतर उघडावयाचे असते, हे विसरून चालणार नाही. गडचिरोलीच्या त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. सहांपैकी एकाचा २०२२ सालीच कैदेत मृत्यू झाला होता. साईबाबा सुटले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वारले.