स्नायूंचा आजार आणि मोतीबिंदू : भीती नको, लपवाछपवीही नको

सांगली-मिरज परिसराला डोळ्यांची शस्त्रक्रिया नवी नाही. प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि मोतीबिंदूचे रुग्ण दूरदूरच्या गावांहून तेथे येऊ लागले. तरीही घरात कोणाला स्नायूंचा आजार असेल, तर ‘भूल सोसवणार नाही’ म्हणून शस्त्रक्रिया टाळली जाते आणि माणूस विनाकारण अंधत्वाकडे जातो. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

ही भीती निराधार नाही. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात आवळलेले स्नायू लवकर सैल होत नाहीत. हातात धरलेली वस्तू चटकन सोडता येत नाही. या रुग्णांना मोतीबिंदूही पुष्कळदा पन्नाशीच्या आतच होतो. पूर्ण भूल देताना वापरले जाणारे सक्सामिथोनियम हे औषध त्यांचे स्नायू ताठ करू शकते, तर गुंगीच्या औषधांनी श्वास मंदावू शकतो.

परंतु मोतीबिंदूसाठी पूर्ण भुलीची गरज सहसा पडत नाही. १८८४ साली व्हिएन्नाचे डॉ. कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. आज त्याहून सुरक्षित औषधांचे थेंब घालतात किंवा डोळ्याभोवती इंजेक्शन देतात. रुग्ण जागा असतो, श्वास स्वतः घेतो. म्हणूनच अशा रुग्णांसाठी बहुधा हाच मार्ग निवडला जातो. मात्र हृदय व श्वसनाची तपासणी आधी व्हावी, आणि उताणे पडून राहताना धाप लागत असल्यास तसे सांगावे.

खरा धोका आजार लपविण्यात आहे. मुलामुलींची लग्ने अडतील या भयाने कित्येक कुटुंबे गप्प राहतात. मायोटोनिक डिस्ट्रॉफी असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून भावंडांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी.

वेदना सोसणे हेच पुण्य, असे काही वडीलधारी मंडळी मानतात. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर स्पष्ट केले की, वेदनाशमन स्वीकारणे ख्रिस्ती नीतीस धरूनच आहे. आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या धर्मग्रामातील बंधुभगिनींनी एवढा निरोप घरोघरी पोहोचवावा : डोळ्यांवर उपचार करून घ्या, आणि डॉक्टरांपासून काहीही लपवू नका.