खंड्या गेला, आता दुसरा आणावा का?



आपल्या या पत्रिकेत उसाच्या जाती, खते, पाणी यांवरचे लेख नेहमी येतात. कुत्र्यावर कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. पण वस्तीवर राहतो आणि दारात कुत्रे नाही असा सभासद आपल्यात विरळाच. रात्रीची लाईट असली की बाराला आपण बॅटरी घेऊन बारे द्यायला निघतो. घरची माणसे झोपलेली असतात, सोबत येते ते कुत्रेच. उसात जनावर असले तर पहिले तेच भुंकते, आणि बिबट्या पहिला झडप घालतो तीही त्याच्यावरच. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे असे मी समजतो. दुसरे म्हणजे, माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये.

माझी लेक रायगड जिल्ह्यात तळ्याला दिली आहे. जावई तिथे मास्तर आहेत. तळ्याला जायचे तर मुंबई-गोवा रस्त्यावरच्या इंदापूरला उतरावे लागते. हे इंदापूर आपले पुणे जिल्ह्यातले, उसाचे नव्हे. पहिल्या वेळी मीही चकलो होतो. गावाच्या डोक्यावर तळगड आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे बारा किल्ले शिवाजी महाराजांकडे राहिले, त्यांतला हा एक. मुलूख भाताचा. पाऊस असा की आपल्याकडे दोन-तीन वर्षांत पडत नाही तेवढा तिकडे एका पावसाळ्यात पडतो.

आमच्या वस्तीवरची कुत्री पितृपक्षात पाचटाच्या ढिगाआड व्याली. पिल्ले पाच. आठ वर्षांच्या नातीने फोनवर ऐकले आणि हट्टच धरला, "आजोबा, एक मला आणा." भाऊबीज झाल्यावर मी निघालो. पिशवीत गोणपाट, त्यावर सहा आठवड्यांचे पिल्लू. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून इंदापूर, मग तळा. वाटेत एस. टी. थांबली तिथे स्टँडवर दोनदा खाली सोडले.

नाव मीच ठेवले, खंड्या. सातारच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचे हे नाव. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्याची समाधी आहे, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नातीला ती गोष्ट सांगितली. पोर खूष. शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्यामागे.

चौथ्या दिवशी खंड्याने भाताला तोंड लावले नाही. संध्याकाळी दोनदा ओकला. लेक म्हणाली, "आप्पा, डॉक्टरांकडं नेऊ या का?" मी म्हणालो, "अगं, कुत्र्याचं पोट आहे. गवत खाईल, होईल बरं." वाटीभर दूध पाजले, तेही ओकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ हगवण, तिला रक्त आणि न सोसणारी दुर्गंधी. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी सलाईन लावले, इंजेक्शने दिली, पण स्पष्ट सांगितले, "काल आणायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी पहाटे पिल्लू गेले. जावईबापूंनी परसात विहिरीपासून लांब, फणसाखाली खोल खड्डा काढला.

नात दिवसभर बोलली नाही. रात्री हळूच मला विचारले, "आजोबा, मी त्याला गार पाण्यानं अंघोळ घातली, म्हणून तो गेला का?" मी नाही म्हणालो, पण का गेला ते मला तरी कुठे ठाऊक होते? मनात मी तळ्याच्या दमट हवेला आणि पाण्यालाच दोष देत होतो.

दुसऱ्या दिवशी थोरल्याचा वस्तीवरून फोन आला. घरची दोन पिल्लेही तशाच हगवणीने गेली होती. मी सरळ डॉक्टरांकडे गेलो आणि सगळे विचारून घेतले.

हा रोग कोणता?

रोगाचे नाव पार्व्हो. हा विषाणूचा रोग आहे. जगात तो १९७८ साली ध्यानात आला आणि दोनएक वर्षांत सगळीकडे पसरला. मांजरांना होणाऱ्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. माणसाला तो होत नाही. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना सर्वात जास्त धोका. विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तरावर घाव घालतो. त्यामुळे अंगातले पाणी जाते, रक्त जाते आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. विषाणू मारणारे खात्रीचे औषध साधारणपणे हाताशी नसते. सलाईनने पाणी भरून काढायचे, ओकारी थांबवायची, दुसरा जंतू शिरू नये म्हणून औषध द्यायचे आणि पिल्लाला तग धरायला वेळ मिळवून द्यायचा, हाच उपचार. तो लवकर झाला तर बरीच पिल्ले वाचतात. न झाला तर बहुतेक जातात, तीही दोन-तीन दिवसांत.

याचा दाखला आमच्याकडेच मिळाला. पाचातले एक पिल्लू शेजारच्या वस्तीवर दिले होते. त्यांच्या पिल्लाने एक वेळ खाणे सोडले, तशी त्यांनी त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर दवाखाना गाठला. चार दिवस सलाईन चालले. आज ते पिल्लू रानात हुंदडते आहे.

लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, असे डॉक्टर म्हणाले. घरची दोन पिल्ले त्याच सुमारास गेली, म्हणजे दोष तळ्याचा नव्हता. रोग बहुतेक माझ्याच पिशवीतून तिकडे गेला. वस्तीवर तो कसा आला हे सांगता येणार नाही. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या येतात, ट्रॅक्टर येतात, वाटेवरची भटकी कुत्री येतात. पण तो चपलेच्या तळव्याला आणि गाडीच्या चाकाला लागलेल्या विष्ठेतूनही येतो. तेव्हा टोळीवाल्यांच्या कुत्र्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. माझी स्वतःची चपलही रोज कारखान्यावर जातच होती.

त्या संध्याकाळी नातीला जवळ बसवून सांगितले, "बाळ, तुझ्या अंघोळीनं काही झालं नाही. आजारी पिल्लू आजोबांनीच आणलं, आणि डॉक्टरकडं न्यायला आजोबांनीच उशीर केला." पोर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता दुसरं आणताना नीट आणाल?"

दुसरे कधी आणावे?

लेक मात्र म्हणाली, "आता नको आप्पा. पुन्हा असं झालं तर पोरीला सोसायचं नाही." तिचेही खरे होते. मी दोघींच्या मध्ये.

येथे आपला उसाचा अनुभव कामी आला. को ७४० वर काणी पडायची ते जुन्या सभासदांना आठवत असेल. चाबूक काढलेले बेट आपण पोत्यात घालून मुळासकट उपटायचो आणि जाळायचो. त्या फडाचा खोडवा ठेवायचा नाही, त्यातले बेणे धरायचे नाही. काणी आली म्हणून कोणी ऊस लावायचा सोडला नाही. रान स्वच्छ केले, बेणे चांगले आणले आणि पुन्हा लागण केली. कुत्र्याचेही तसेच आहे.

पार्व्होचा विषाणू चिवट आहे. अंगणातल्या मातीत तो महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. उन्हाच्या जागी साधारण पाच महिने आणि सावलीत सात महिने तरी जागा रोगी समजावी. फिनेलवर भरवसा ठेवू नये. फरशी, ताटली, साखळी यांवरची घाण आधी धुऊन काढावी. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून त्याने दहा मिनिटे ओले ठेवावे. गोणपाट आणि चिंध्या जाळाव्यात. मातीवर ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ऊन आणि काळ हेच औषध.

त्यामुळे मेलेल्याच्या जागी आठ दिवसांत दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्यालाही मरणाच्या दारी नेणे. पोर रडते म्हणून घाई करायचा मोह होतो, तो आवरावा.

लसीचे गणित

आपण विचारतो, एकदा लस टोचली, पुन्हा पुन्हा कशाला? वासराला चीक पाजतो ते का, हे आपल्याला ठाऊक आहे. पिल्लालाही आईच्या पहिल्या दुधातून ताकद मिळते. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती ओसरली की रोग लागतो. कोणाची सहाव्या आठवड्यात ओसरते, कोणाची सोळाव्या. नेमका दिवस कळत नाही, म्हणून लस ठरावीक अंतराने द्यावी लागते. पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. नंतर वर्षाने एकदा, आणि पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा. पिसाळण्याची लस तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. जंताचे औषधही वेळच्या वेळी. पिल्लू आठ आठवडे आईपाशीच ठेवावे. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला बाजारात, स्टँडवर, दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नये. मी नेमके उलटे केले.

२०२२ साली लम्पी आली तेव्हा आपण जनावरे घेऊन रांगेत उभे राहिलो. गाय दूध देते म्हणून तिची लस आठवते. राखण करणाऱ्याची आठवत नाही.

मग आम्ही काय ठरवले?

फाल्गुनात शिमग्याला तळ्याला गेलो. पालखी अंगणात येऊन गेली. खंड्याला जाऊन चार महिने उलटले होते. फणसाखालची जागा तर सावलीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबणे आले. शिवाय आणायचे ते पिल्लू आणायचे नाही, असे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवले. जावईबापूंच्या शाळेपाशी वर्षाची एक तांबूस कुत्री असते. पोरे तिला डब्यातली भाकरी घालतात. तिला पार्व्होची आणि पिसाळण्याची, दोन्ही लसी टोचून घेतल्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की तिला घरी आणायचे.

लेक अजून पूर्ण राजी नाही. "बघू," म्हणते. पण परवा फोनवर तीच सांगत होती की कुत्रीला रोज भात नेऊन घालते. नातीला मी विचारले, "हिचं नाव खंड्यावरून ठेवायचं का?" ती म्हणाली, "नाही आजोबा. खंड्या खंड्याच होता. हिचं वेगळं ठेवू."

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम आता संपत आला. टोळ्या गावी परततील. वस्तीवर कुत्री व्याली असेल तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि सहाव्या आठवड्याची तारीख डॉक्टरांना विचारून ठेवा. लस बर्फातून न्यावी लागते, तेव्हा दोन-चार वस्त्यांनी मिळून एका दिवशी पिल्ले गोळा केली तर डॉक्टरांनाही सोयीचे पडेल. पिल्लाने एक वेळ खाणे सोडले आणि ओकू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि कोणाला पिल्लू द्याल, ते लस टोचून द्या. लेकीच्या घरी द्याल तर जास्तच जपून द्या.

— एक ऊस उत्पादक सभासद