एकदां होऊन गेल्यावर लस कशाला?

लोह्यासारख्या तालुक्याच्या गांवीं म्हातारीं माणसें बहुधा घरींच, मुलानातवंडांत असतात. साठीपुढील मंडळींस कोरोनाची लस देण्यास १ मार्च २०२१ रोजीं आरंभ झाला, तेव्हां अशा अनेक घरांतून एकच शंका निघाली: आजोबांना तर गेल्या श्रावणांत तो आजार होऊन गेला, मग आतां सुई कशाला?

शंका अगदींच खुळी नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें देशांतील ७० जिल्ह्यांत लोकांच्या रक्ताची पाहणी केली, तींत नांदेड जिल्हाही होता. मे-जून २०२० मध्यें देशभरांत संसर्गाची खूण शेंकडा एका प्रौढांतही सांपडली नाहीं. त्या हिवाळ्यांत ती पांचांत एकाहून अधिकांत सांपडली. म्हणजे कित्येक घरांत हा पाहुणा आपलें नांवही न सांगतां येऊन गेला होता.

अशी भेट झाली कीं रक्तांतील कांहीं पेशी त्या विषाणूच्या अंगावरील कांट्याचा आकार ध्यानांत ठेवतात, आणि पुन्हां गांठ पडतांच भराभर वाढून प्रतिकारद्रव्यें निर्माण करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली कोव्हिशील्ड लस हाच कांटा आपल्या शरीराकडून घडवून घेऊन त्यास दाखविते. ज्याला रोग होऊन गेला, त्याच्या बाबतींत लशीची पहिली मात्रा ही वस्तुतः दुसरी भेट होय.

उतारवयांत नव्या ओळखी मात्र कष्टानें होतात. ज्या थायमस ग्रंथींत टी-पेशी तयार होतात, ती तरुणपणापासूनच आटत जाते. (शाळासोबत्यांचीं नांवें तोंडपाठ असलेल्या आजोबांना नव्या शेजाऱ्याचें नांव आठवत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार म्हणाना!) इंग्लंडांतील वृद्धाश्रमांत २०२० मध्यें सुरू झालेल्या 'व्हिवाल्डी' नामक अभ्यासांत हेंच दिसलें. पूर्वीं रोग न झालेल्या रहिवाशांचीं प्रतिकारद्रव्यें एका मात्रेनंतर तेथील कर्मचाऱ्यांपेक्षां उणीं भरलीं. ज्यांना तो होऊन गेला होता, त्यांचीं पुष्कळ वाढलीं. दुसऱ्या मात्रेनें हें अंतर बरेंचसें भरून निघालें.

तेव्हां आमच्या मतें अधिक काळजी करावयाची होती ती आजोबांची नव्हे, तर ज्यांना रोग झालाच नव्हता त्या आजींची. "आईंनीं एक सुई घेतली आहे" एवढ्यावर घरचीं माणसें निश्चिंत होत. अशांतच, दुसरी लाट ओसरली नसतां, १३ मे २०२१ रोजीं कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यांत आलें. अधिक अंतरानें परिणाम चांगला साधतो, ह्याला प्रयोगांचा आधार होता हें खरें. परंतु तेवढे तीन-चार महिने आजींना अर्ध्या संरक्षणावरच काढावे लागले. त्याच महिन्यांत निघालेल्या दुसऱ्या सूचनेप्रमाणें, रोगांतून उठलेल्यांनीं तीन महिने थांबून लस घ्यावयाची होती. आजोबांची लस लांबणीवर पडली; माफ झाली नाहीं.

ती माफ कां होऊं नये, ह्याचें उत्तर कॅनडांतून मिळालें. तेथील ऑन्टारिओ प्रांतांत वृद्धाश्रमांतील लस घेतलेल्या शेंकडों रहिवाशांवर २०२२ मध्यें लक्ष ठेवण्यांत आलें. वर्षारंभीं ओमायक्रॉन होऊन गेलेल्यांस उन्हाळ्यांत तो पुन्हां होण्याचा संभव, न झालेल्यांपेक्षां, कमी नव्हे तर कित्येक पटींनीं अधिक आढळला! पहिल्या आजारानें सर्वांसच सारखें बळ येतें हा समज त्यानें डळमळला. विषाणूही आपला कांटा पालटीत असतो आणि प्रतिकारद्रव्यें कालांतरानें ओसरतात, तीं वेगळींच. आपल्याकडे साठीपुढील व्याधिग्रस्तांस तिसरी मात्रा १० जानेवारी २०२२ पासून देऊं लागले, तें ह्याच ओसरण्यामुळें.

एकत्र कुटुंबांत शाळेंतून, बाजारांतून, एस.टी.च्या गर्दींतून खोकला घरीं येतच असतो. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांपैकीं कोणास हा रोग केव्हां झाला आणि कोणती मात्रा कोणत्या तारखेस दिली, हें एका वहींत लिहून ठेवावें आणि डॉक्टरांस दाखवावें. त्यावरून पुढची मात्रा हवी कीं नको, आणि हवी तर केव्हां, हें त्यांना ठरवितां येतें.