‘राइट’ : उजवा, सम्यक् आणि हक्क

नांदेड-लातूरकडील विहारांत धम्मवर्गाला बसणारी अनेक मुले आज इंग्रजीतून शिकतात. ‘सम्मा दिट्ठी’चे ‘राइट व्ह्यू’ हे भाषांतर त्यांच्यापुढे येते, तेव्हा ‘राइट’चा नेमका कोणता अर्थ घ्यावयाचा, असा प्रश्न उद्भवतो. हा एकच शब्द दिशा, योग्यता आणि हक्क असे तीन अर्थ वाहतो. त्यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे विरुद्धार्थी शब्दावरून ओळखावे.

पहिला अर्थ उजवा. त्याच्या विरुद्ध ‘लेफ्ट’, म्हणजे डावा. पालीत उजव्यास ‘दक्खिण’ व डाव्यास ‘वाम’ म्हणतात. स्तूप उजव्या हाताला ठेवून त्याभोवती फिरणे ही ‘पदक्खिणा’ होय. ती आदर व्यक्त करण्याची रीत आहे.

दुसरा अर्थ योग्य. त्याच्या विरुद्ध ‘राँग’. ‘राइट’चा मूळ अर्थ सरळ. संघवंदनेतील ‘उजुपटिपन्नो’ या शब्दात येणारा ‘उजु’ही सरळ या अर्थाचाच असून, मराठी ‘उजवा’चे नातेही ‘ऋजु’शी जोडले जाते. ‘सम्मा’चा मात्र हाताशी वा दिशेशी काहीही संबंध नाही. त्याच्या विरुद्ध ‘मिच्छा’, म्हणजे मिथ्या. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्मा दिट्ठीचा हेतू अविद्येचा नाश हा सांगितला आहे. कर्मकांडाच्या सामर्थ्यावरील व शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वास सोडणे आणि मन व विचार मुक्त ठेवणे त्यासाठी आवश्यक आहे. तेव्हा रूढीला जे ‘बरोबर’ वाटते, ते सम्यक् असेलच असे नाही.

तिसरा अर्थ हक्क. ‘हक्क’ हा शब्द मूळचा अरबी. सत्य हाही त्याचा अर्थ आहे. निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू असल्याने मराठवाड्याला तो चांगलाच परिचित होता. परंतु मूलभूत हक्कांची हमी येथील अस्पृश्य समाजास मिळाली, ती २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आल्यावर. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. या अर्थाचा विरोधी शब्द आपल्या बोलण्यातच आहे : हक्क ‘डावलला’ जातो. ‘डावलणे’ हे क्रियापद ‘डावा’पासून झाले, डाव्या बाजूस टाकून पुढे जाणे, उपेक्षा करणे, हा त्याचा अर्थ.

मुलांना ‘राइट व्ह्यू’ शिकविताना ‘सम्यक्’ हाच शब्द द्यावा आणि ‘मिथ्या’ त्याच्यासमोर ठेवावा. मग हक्काशी असलेला त्याचा संबंधही स्पष्ट होईल. जन्मावरून उच्चनीच ठरते, ही मिथ्या दृष्टी मनात शिल्लक असेपर्यंत कायद्याने दिलेला हक्कही गावात डावलला जातो.