हस्तलिखितांचे छायाचित्रण आणि कॅमेऱ्याचे मोल : सातारा-सांगलीकडील कागदपत्रांच्या निमित्ताने

भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणजे लिहिलेला कागद, कोरलेला दगड अथवा ताम्रपट. हे साधन प्रत्येक अभ्यासकास हाताळावयास मिळत नाही. म्हणून त्याची विश्वसनीय प्रतिमा हाताशी असणे आवश्यक ठरते. अशा प्रतिमा घेण्यासाठी उच्च दर्जाचा नवा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विकत घ्यावा की नाही, हा प्रश्न आज अनेक विभागांपुढे येतो. तो सामान्यतः किंमत परवडते की नाही, एवढ्याच दृष्टीने सोडविला जातो. वस्तुतः प्रश्न किंमतीचा नसून त्या किंमतीच्या मोबदल्यात संशोधनास काय मिळते, हा आहे. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सामग्री डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. पूर्वसूरींची पद्धती

या दोन जिल्ह्यांत कागदपत्रांची परंपरा मोठी आहे. मिरज येथे संस्कृतचे अध्यापन करणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील पत्रे नकलून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभारले. त्यांच्या निधनानंतर, १९३९ साली, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. ताम्रपटांपैकी राष्ट्रकूट चौथ्या गोविंदाचा सांगली ताम्रपट (शके ८५५) आणि तिसऱ्या कृष्णाचा कऱ्हाड ताम्रपट (शके ८८०) अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. पहिला फ्लीट यांनी व दुसरा रा. गो. भांडारकर यांनी संपादिला.

या पिढीचे साधन म्हणजे डोळा, बोरू आणि ठसा. नक्कल करणारा जे वाची ते लिही. त्याच्या वाचनात चूक झाली तर ती छापील ग्रंथात कायमची राही. मूळ कागद उपलब्ध असेतोवर ती सुधारता येई; मूळ नाहीसे झाल्यावर मात्र उपाय उरत नसे. याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत. त्या प्रतीच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण रचिले. परंतु ते मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्यातील रूपे खरोखरच तितकी जुनी होती काय, हा वाद त्यामुळे निर्णायकपणे मिटविणे अशक्य झाले आहे. त्या पोथीच्या चार पानांची जरी चांगली छायाचित्रे असती, तरी लिपीच्या वळणावरून पुष्कळ काही सांगता आले असते.

२. एका टिंबाचे मोल

भाषाभ्यासकास प्रतिमेतून नेमके काय हवे असते? इतिहासकारास पत्रातील मजकूर कळला म्हणजे बहुधा पुरते. भाषाभ्यासकास अक्षराचा प्रत्येक अवयव हवा असतो. ‘नाव’ आणि ‘नांव’ यांत भेद आहे तो एका टिंबाचा. पण त्या टिंबावर एका शब्दाचा अर्थ आणि एका पिढीचा उच्चार अवलंबून आहे. बाळबोध पोथीत असे टिंब दिसले, तर ते अनुस्वार आहे, शाईचा शिंतोडा आहे की कसरीने पाडलेले भोक आहे, हे ठरवावे लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही व बोरू न उचलता अक्षरे जोडली जातात. त्यामुळे तेथे रेषेची जाडी, तिचा आरंभ आणि शेवट हे वाचनाचे आधार होत.

असे टिंब सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचे असते असे धरू. डिजिटल प्रतिमा ही लहान लहान चौकटींची बनलेली असते; त्यांस पिक्सेल म्हणतात. कागदाच्या एका इंचावर ३०० ते ४०० पिक्सेल पडावेत, असा दस्तऐवजांच्या छायाचित्रणातील सर्वसाधारण दंडक आहे. इंचास ४०० या मानाने अर्ध्या मिलिमीटरच्या टिंबावर आडवे सुमारे ८ पिक्सेल येतात. तेवढ्यात टिंबाची कडा, त्याचा गोलावा आणि शाईची छटा स्पष्ट दिसते. इंचास १०० या मानाने त्यावर दोनच पिक्सेल येतील, आणि मग अनुस्वार व भोक यांत निवड करणे हा केवळ तर्क ठरेल.

३. मेगापिक्सेलचा हिशेब

बाजारात कॅमेऱ्याचे सामर्थ्य मेगापिक्सेलमध्ये, म्हणजे दहा लाख पिक्सेलच्या परिमाणात, सांगतात. येथे एक गफलत होते. ही संख्या क्षेत्रफळाची आहे, लांबीची नव्हे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची प्रतिमा ६००० × ४००० असते. १०२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ११६४८ × ८७३६. पहिलीहून दुसरीत पिक्सेल चौपटीहून अधिक आहेत. परंतु एका रेषेवरील पिक्सेल दुपटीहूनही थोडे कमीच आहेत. आणि अक्षर वाचताना आपणांस उपयोगी पडते ती रेषेवरील संख्या.

आता १२ × ८ इंचांचा एक कागद घेऊ. त्याभोवती थोडी मोकळी जागा, मोजपट्टी व रंगपट्टी यांसाठी १५ × १० इंचांचे क्षेत्र धरावे लागेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने या क्षेत्रावर इंचास बरोबर ४०० पिक्सेल मिळतात. म्हणजे दंडक पुरा होतो. १०२ मेगापिक्सेलने सुमारे ७७६ मिळतील आणि टिंबावर ८ ऐवजी १५ पिक्सेल येतील. हा लाभ खरा आहे. परंतु जे आठांत निःसंदिग्ध दिसते ते पंधरांत अधिक निःसंदिग्ध होत नाही.

शिवाय हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. भिंगाचे छिद्र फार लहान केले तर प्रकाश पसरून प्रतिमा मऊ होते. फार मोठे ठेवले तर कागदाच्या सुरकुत्या सर्वत्र स्पष्ट येत नाहीत. पिक्सेल जितके दाट, तितके हे दोष लवकर दिसू लागतात. जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशीवरून कोणी चालले तरी कॅमेऱ्याचा स्टँड हलतो. अशा ठिकाणी महाग कॅमेऱ्याचे निम्मे सामर्थ्य त्या कंपातच खर्ची पडते.

४. एका चुकीची हकीकत

प्रस्तुत लेखकाने २००८ साली सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाकडील मोडी कागदांचा एक रुमाल छायाचित्रित केला. कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. त्याची प्रतिमा ३२६४ पिक्सेल लांबीची. बारा इंची कागद चौकटीत पुरता भरविल्यामुळे इंचास सुमारे २७२ पिक्सेल मिळत होते. दंडकाहून हे थोडे कमी असले तरी वाचनास पुरेसे होते. तथापि आज त्यांतील बरीच छायाचित्रे निरुपयोगी वाटतात. कारण पिक्सेलची कमतरता हे नव्हे. कॅमेरा हातात धरला होता, त्यामुळे कागदाची एक बाजू अस्पष्ट आली. फ्लॅशचा झोत घड्यांवर पडून तेथील अक्षरे पांढरी झाली. मोजपट्टी ठेवली नव्हती. पुढे कुटुंबाच्या वाटण्या झाल्या आणि तो रुमाल कोणाकडे गेला ते कळेनासे झाले. आता ती सदोष छायाचित्रे हाच एकमेव पुरावा आहे. ज्या ओळीवरील घडीत एक विभक्तिप्रत्यय दडला आहे, ती ओळ लेखकाने अनेकदा मोठी करून पाहिली. प्रत्यय काही दिसला नाही. दोन दिवे, एक स्टँड आणि थोडा धीर एवढे असते, तर तो त्याच कॅमेऱ्याने दिसला असता.

५. रुपये आणि पाने

आता खर्चाचा आराखडा पाहू. पुढील रक्कमा केवळ हिशेबासाठी गृहीत धरल्या आहेत. प्रत्यक्ष दर घेऊन वाचकाने त्या बदलून पाहाव्या. ५०,००० पाने, दोन्ही बाजू, म्हणजे १ लाख छायाचित्रे घ्यावयाची आहेत असे समजू. मध्यम कॅमेरा भिंगासह २.५ लाख रुपये, मोठा कॅमेरा भिंगासह ८ लाख रुपये धरू. स्टँड, दिवे व रंगपट्टी यांस दोहोंत १ लाख. दोन माणसांची मजुरी मिळून दिवसास १,८०० रुपये आणि दिवसाची ४०० छायाचित्रे धरली, तर २५० दिवस व ४.५ लाख रुपये लागतील.

साठवणुकीचा खर्च बहुधा विसरला जातो. दाबून लहान न केलेली साधी रंगीत प्रतिमा मध्यम कॅमेऱ्याची ७२ मेगाबाइट, मोठ्याची ३०६ मेगाबाइट होते. लाख प्रतिमांच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवावयाच्या तर अनुक्रमे सुमारे २२ व ९२ टेराबाइट जागा हवी. टेराबाइटला ३,००० रुपये धरल्यास हा खर्च सुमारे ६५ हजार आणि २.७५ लाख होतो.

एकूण बेरीज : मध्यम कॅमेऱ्याने ८.६५ लाख, मोठ्याने १६.२५ लाख. दर छायाचित्रास ८ रुपये ६५ पैसे आणि १६ रुपये २५ पैसे. फरक ७.६ लाखांचा आहे. हीच रक्कम मध्यम कॅमेरा घेऊन मजुरी व साठवणूक यांवर वेचली, तर आणखी सुमारे १ लाख ४७ हजार छायाचित्रे घेता येतील. म्हणजे खरी तुलना दोन कॅमेऱ्यांची नाही. ती एक लाख छायाचित्रे व सुमारे अडीच लाख छायाचित्रे यांची आहे. इतक्या वापरात कॅमेऱ्याचा यांत्रिक पडदा झिजतो हे खरे. परंतु कागद स्थिर असल्याने आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक पडदा वापरता येतो.

६. थांबावे काय?

कोणी म्हणेल, किंमती उतरत आहेत, थोडे थांबावे. उतरत आहेत यात संशय नाही. १९९१ साली कोडॅकने बाजारात आणलेला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा १.३ मेगापिक्सेलचा होता. २०१२ साली निकॉनचा ३६ मेगापिक्सेलचा डी ८०० अमेरिकेत सुमारे ३,००० डॉलरांस मिळू लागला. १०२ मेगापिक्सेलचा फुजीफिल्मचा पहिला कॅमेरा २०१९ साली तेथे सुमारे १०,००० डॉलरांस होता. तितक्याच पिक्सेलचा पुढचा नमुना २०२१ साली सुमारे ६,००० डॉलरांस आला. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आज घेतलेला महाग कॅमेरा दोन-तीन वर्षांत स्वस्त होणार; आणि म्हणून कॅमेरा ही मालमत्ता न मानता खपणारी वस्तू मानली पाहिजे.

परंतु कागद थांबत नाहीत. कृष्णेच्या पुराने ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी गाठली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरील कपाटात ठेवलेले दप्तर अशा एका रात्रीत लगदा होऊन जाते. वाळवी, वाटण्या आणि वाड्यांची पाडापाड यांचे काम तर पुराची वाट न पाहता चालूच असते. कॅमेऱ्याची किंमत दर वर्षी कमी होते. हाती लागू शकणाऱ्या पानांची संख्याही दर वर्षी कमी होते. त्यांपैकी पहिली घट फायद्याची आहे. दुसरी भरून येणारी नाही.

७. मोठा कॅमेरा कोठे हवा

तरीही मोठ्या कॅमेऱ्यास स्थान नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३६ × २४ इंचांचा नकाशा किंवा चित्र एका दमात घ्यावयाचे तर मध्यम कॅमेरा इंचास १६७ पिक्सेलच देतो. मोठा ३२४ देतो. मध्यम कॅमेऱ्याने तेच काम नऊ तुकड्यांत घेऊन जोडावे लागते, आणि जोडात चूक होण्याचा संभव राहतो. अशा वस्तू पानांच्या मानाने थोड्या असतात. त्या निवडून एकत्र कराव्या व आठ-दहा दिवस मोठा कॅमेरा भाड्याने आणावा, हे श्रेयस्कर.

ताम्रपट व शिलालेख यांची गोष्ट निराळी. झिजलेले अक्षर पिक्सेलने नव्हे, तर तिरप्या प्रकाशाने उमटते. कॅमेरा स्थिर ठेवून दिवा निरनिराळ्या दिशांना न्यावा, अनेक छायाचित्रे घ्यावी आणि संगणकावर ती एकत्र करून प्रकाशाची दिशा हवी तशी फिरवावी, ही रीत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ साली मांडली. तीस मध्यम कॅमेरा उत्तम चालतो.

८. निष्कर्ष

सारांश, सातारा-सांगलीकडील बहुसंख्य कागदांसाठी २४ मेगापिक्सेलच्या आसपासचा कॅमेरा, जवळून स्पष्ट दिसणारे चांगले भिंग, भक्कम स्टँड आणि दोन सारखे दिवे एवढी सामग्री पुरेशी आहे. उरलेला पैसा माणसांवर वेचावा. विशेषतः मोडी जाणणाऱ्यांवर, कारण न वाचलेले छायाचित्र हे अखेर बांधलेल्या रुमालासारखेच मुके असते. खरेदीच्या प्रस्तावात कॅमेऱ्याच्या किंमतीपुढे आणखी एक रकाना ठेवावा : या रकमेत किती पाने पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरक्षित होतील? तो रकाना भरल्यावर निर्णय घेणे फारसे अवघड जाणार नाही.