स्मृतिभ्रंश, वार्धक्यातील
मेंदूच्या विकारांमुळे स्मृती, भाषा व विवेकशक्ती यांचा होणारा क्रमिक ऱ्हास. याचे प्रमाण प्रदेशपरत्वे भिन्न आढळते. मुंबईतील पाहणीत (२००१) ६५ वर्षांवरील व्यक्तींत ते २.४४ टक्के होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार ६० वर्षांवरील व्यक्तींत ७.४ टक्के असून दिल्लीत सु. ४.५, तर जम्मू-काश्मीरमध्ये सु. ११ टक्के आहे. वयोमान व शिक्षण यांखेरीज कसोटीही हा फरक घडविते. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या निरक्षर वृद्धेस इंग्रजी तारीख सांगता येणार नाही, परंतु पोळा किती दिवसांवर आला हे ती अचूक सांगेल. तिला रुग्ण मानणे चूक होय. उलट, खऱ्या रुग्णाचे वागणे ‘म्हातारचळ’ म्हणून घरात खपून जाते व तो गणनेतून निसटतो. हरयाणातील बल्लभगढ येथे निरक्षरांस अनुरूप हिंदी कसोटी योजण्यात आली. तेथे ६५ वर्षांवरील प्रमाण (१९९८) अवघे १.३६ टक्के भरले.