खोली खात्याची, नोकरी अठ्ठावन्नपर्यंत

वरळीच्या बीडीडी चाळीत पोलिसाची खोली म्हणजे १६० चौरस फूट. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक व्हरांडा आणि संडास सगळ्यांना मिळून. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात उभ्या राहिलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि त्यांतल्या सुमारे सव्वादोन हजार खोल्या पोलीस खात्याच्या वाट्याच्या. रातपाळीहून आलेल्या हवालदाराने दिवसा झोपायचे कुठे आणि त्याच वेळी मुलीने दहावीचा अभ्यास करायचा कुठे, या पेचात तिथल्या पिढ्या वाढल्या.

तरीही खोली सोडायला कोणी राजी नसे. शिपायाच्या पगारात मुंबईत घर होत नाही. क्वार्टर मिळाले नाही की घरभाडे भत्ता घ्यायचा आणि बदलापूर, टिटवाळा, विरार गाठायचे. बारा तासांची ड्युटी आणि वर लोकलचा प्रवास केल्यावर घरच्यांच्या वाट्याला माणूस उरतो किती? म्हणूनच पोलिसांच्या घरांचा विषय त्यांच्या कामाच्या तासांपासून वेगळा काढता येत नाही.

तासांच्या बाबतीत वाट दाखवली ती वरून आलेल्या हुकमाने नव्हे, एका शिपायाने. देवनार पोलीस ठाण्यातल्या या शिपायाने आहे त्याच मनुष्यबळात तीन पाळ्या कशा लावता येतील, याचा आराखडा मांडला. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला आणि मे २०१६मध्ये देवनारलाच आठ तासांची ड्युटी सुरू केली. पुढे मुंबईतली इतर ठाणीही त्यात आली. गणपती, निवडणुका, मोर्चे यांचा बंदोबस्त लागला की वेळापत्रक मोडते, हे खरेच. पण एरवीच्या दिवशी पोलीस वेळेवर घरी जाऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. २०२२मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. त्याच वर्षी किरकोळ रजाही बारावरून वीस झाल्या.

बढतीची कहाणी याहून संथ. शिपाई, नाईक, हवालदार, सहायक उपनिरीक्षक अशी पायरीपायरीने चढण. खांद्यावर स्टार यावा, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त व्हावे, ही शिपाई म्हणून भरती झालेल्याची साधी इच्छा. पण खात्यांतर्गत परीक्षा न देता तिथवर पोहोचणारे थोडेच. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री रिकाम्या हातांनी कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक उपनिरीक्षकच होते. २०२२मध्ये सरकारने नाईक हे पद रद्द करून एक पायरी कमी केली आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर श्रेणी उपनिरीक्षक होण्याची वाट मोकळी केली. निर्णय चांगलाच. पण पंचविशीत भरती झालेल्या माणसाला हा स्टार पंचावन्नाव्या वर्षी मिळणार, आणि निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. ही वाट अजून लांबच आहे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरा हिशेब समोर येतो. निवृत्तीनंतर सेवानिवासस्थान सोडावे लागते; राहिल्यास दंडनीय भाडे. आयुष्यभर शहराच्या मध्यात राहिलेले कुटुंब, मुलांच्या शाळा-नोकऱ्या तिथेच, आणि फंडाचे पैसे घराला पुरत नाहीत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा हेच दुखणे वर आले. इतर भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे घर मोफत; पोलिसांची खोली मात्र सेवेपुरती. पोलीस कुटुंबांनी हक्काचे घर मागितले. २०२२मध्ये सरकारने आधी ५० लाख रुपये किंमत सांगितली, मग २५ लाख आणि अखेर १५ लाख. १ जानेवारी २०११पूर्वीपासून राहणाऱ्यांसाठी ही सवलत आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या.

बीडीडीबाहेरच्या पोलीस वसाहतींना मात्र ही सवलत लागू नाही. पोलिसांसाठी घरे बांधायला राज्याचे स्वतंत्र गृहनिर्माण व कल्याण महामंडळ १९७४पासून आहे, पण त्याच्या इमारतीही सेवेपुरत्याच. उरतो तो पोलिसांच्या बोलण्यातला ‘डीजी लोन’, म्हणजे महासंचालक कार्यालयामार्फत मिळणारे घरबांधणी कर्ज. त्यातून घर होते ते बहुधा शहराबाहेर, म्हणजे पुन्हा लोकल आलीच. हे कर्ज नोकरीच्या सुरुवातीलाच, बिनाहेलपाट्यांचे मिळाले आणि नेमणूक घराजवळच्या ठाण्यात झाली, तर आज भरती होणाऱ्या शिपायाला क्वार्टरची वाट पाहत बसावे लागणार नाही.